पाळेमुळे कोणाच्या अंगणात खणायची?

मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सर्व सभासद आणि स्मरणिका समिती यांस,
स. न. वि. वि.

परवा आपल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली. पहिला दिवस संतवाङ्मय, दुसरा मधुमेह, तिसरा 'दहशतवाद : पाळेमुळे आणि उपाय'. तिसऱ्या दिवसाखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे : 'या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे होणार नाहीत.' पहिल्या दोन दिवसांना अशी अट नाही. म्हणजे रक्तातल्या साखरेबद्दल वाटेल ते विचारावे, रस्त्यावर सांडलेल्या रक्ताबद्दल मात्र ऐकून घ्यावे आणि मुकाट्याने बटाटेवडा खायला यावे.

त्याच संध्याकाळी स्मरणिका समितीचा निरोप आला. ग्वाल्हेरच्या मराठी समाजाबद्दलच्या स्मरणिकेसाठी मी '१९४८ आणि आपण' हा लेख दिला होता. तो जागेअभावी घेता येत नाही म्हणे. मागच्या स्मरणिकेत वाढदिवसाच्या शुभेच्छांना सात पाने होती. ३८ वर्षे शाळेत वह्या तपासल्या, त्यामुळे पाने मोजायची खोड काही जात नाही.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या महिन्यांत आल्या असत्या तर मी गप्प बसले असते. एकाच दिवशी आल्या म्हणून मनात एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्यांच्या अंगणातली पाळेमुळे खणून दाखवायला आपण पुण्याहून वक्ता बोलावला आहे आणि आपल्या अंगणावर फरशी घालून घेतली आहे. बंद लिफाफ्यातल्या माझ्या दोन पत्रांना उत्तर आले नाही, म्हणून हे तिसरे उघडे.

मुळात सुरुवात झाली एप्रिलमध्ये. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरण कुरणात २६ जणांना गोळ्या घातल्या. धर्म विचारून मारले. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला एक काश्मिरी घोडेवालाही होता. आपल्या सभागृहात शोकसभा झाली. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळे बोलून झाल्यावर मागून एक मुलगा उभा राहिला, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असावा. त्याने एवढेच विचारले, "काका, समोरच्या माणसाची बायको शेजारी उभी असताना त्याला गोळी घालणारा माणूस तयार कसा होतो? कोण करतं त्याला तयार?" मी आयुष्यभर वर्गात ज्या प्रश्नाची वाट पाहिली तसला प्रश्न होता तो. उत्तर काय मिळाले? "ही वेळ नाही." मग कोणीतरी, "त्यांची बाजू घेतोस का रे?" आणि मग व्यासपीठावरून नव्हे, पण व्यासपीठाला ऐकू जाईल अशा आवाजात, "देशद्रोही." मुलगा खाली बसला. नंतर तो मंडळात दिसलेला नाही.

पुढे पंधरा-वीस दिवसांत एक निर्णय झाला, जो कार्यवृत्तात सापडणार नाही. आपल्या गणेशोत्सवाचा मंडप वीस-बावीस वर्षे ज्या कुटुंबाने घातला त्यांना 'यंदापासून नको' असे सांगण्यात आले. कारण विचारल्यावर "सध्या वातावरण असं आहे" असे उत्तर. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आरतीच्या वेळी दिवे गेले की अंधारात सगळे ज्या नावाने हाका मारायचे तेच.

पहलगाममध्ये मारलेल्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने, लग्नाला आठवडा झालेला असताना विधवा झालेल्या त्या मुलीने, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका असे सांगितले होते, आणि त्याच दमात न्याय हवा असेही. तिला समाजमाध्यमांवर शिव्या पडल्या. तिच्याहून जास्त दुःख आपल्याला झाले होते, असे आपल्या कार्यकारिणीला वाटते का?

आता मूळ मुद्द्यावर येते. कारण शोधणे म्हणजे बाजू घेणे, असा एक समज सभागृहात मुरला आहे. जयारोग्य रुग्णालयात तापाचा रोगी नेला की रक्त काढून बघतात. त्यांनी डासाची बाजू घेतली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. ज्याने निःशस्त्र माणसाला मारले त्याला शिक्षा व्हावी, कडक व्हावी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण शिक्षा त्या एकाला मिळते. पुढचे दहा कुठे तयार होत आहेत, हे त्या फाशीच्या दोरावर लिहिलेले नसते.

अभ्यासकांनी यावर पुष्कळ काम केले आहे. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्येच दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या : जमीन तयार करणारी दीर्घकाळची परिस्थिती वेगळी आणि तिच्यावर पडणारी ठिणगी वेगळी. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी आकडे मांडून दाखवले की गरिबी आणि निरक्षरता यांच्याशी दहशतवाद्याचा सरळ हिशोब जुळत नाही, पुष्कळ जण शिकलेले आणि खाऊनपिऊन सुखी घरांतले निघतात. एके काळी सीआयएत असलेले मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांना आढळले की आधी विचार पटतो आणि मग माणूस टोळीत जातो, असे क्वचितच होते. आधी दोस्ती, नातेगोते, एकत्र उठबस. विचार त्या बैठकीत चढत जातो, भांगेसारखा. (भांगेची उपमा माझी.)

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून द्यायचे असेल तर सोडा. मी आपल्या घरातले उदाहरण देते. तेच माझ्या परत आलेल्या लेखात होते.

२८ जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला होते. इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल, क्रमांक ६०६८२४, आपल्या या गावातून दिल्लीला गेले आणि दोन दिवसांनी बिर्ला भवनात त्यातून तीन गोळ्या सुटल्या. आपल्या गावाच्या लष्कर या भागातल्या ज्या डॉक्टरांच्या घरी ते दोघे उतरले होते त्यांना लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि जून १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. हे दुसरे वाक्य मी मुद्दाम लिहिते. बरेच लोक पहिल्यावरच थांबतात.

त्या कटातली माणसे एकेक करून बघा. गोडसे पुण्यात वर्तमानपत्राचा संपादक. आपटे बी.एस्सी., नगरच्या मिशनच्या शाळेत शिक्षक होता. माझाच व्यवसाय. विष्णू करकरे नगरात लॉज चालवणारा. मदनलाल पाहवा फाळणीत पाकपट्टणहून उखडून आलेला निर्वासित. दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रांचा व्यापार करणारा, पुढे माफीचा साक्षीदार झाला. यांत घरदार गमावलेला एकच. बाकीच्यांचे घर फाळणीत गेले नव्हते. पण त्या एकाची खरी जखम सगळ्यांनी आपली म्हणून वापरली. वर्तमानपत्राने ती रोज ताजी ठेवली, लॉजच्या खोलीत बैठकी जमल्या आणि शस्त्र विकणारा ओळखीचा होता. क्रूगर आणि सेजमन यांना पन्नास-साठ वर्षांनी जे दिसले ते आपल्याच लोकांनी पुणे, नगर आणि ग्वाल्हेर या त्रिकोणात आधी करून ठेवले होते. त्या मुलाने एप्रिलमध्ये विचारले ना, तयार कसा होतो? असा होतो. भांग पाकिस्तानातच पिकते असे नाही.

पोलिसांच्या बाजूनेही हे प्रकरण वाचण्यासारखे आहे. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल जागेवर सापडला. मुंबईच्या प्रा. जगदीशचंद्र जैन यांना त्याने आधीच बरेच काही बोलून दाखवले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन सांगितले. धागा हातात होता. दहा दिवस होते. ते दहा दिवस कसे गेले हे या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालात तपशिलाने आहे. त्या दहा दिवसांत कोणत्या जातीची सरसकट धरपकड करायची गरज नव्हती. चार-पाच नावे आणि दोन शहरांचे पोलीस एकमेकांशी बोलले असते तरी पुरे होते.

आणि ज्याची गरज नव्हती ते सरसकट शिक्षेचे काम समाजाने नंतर केले. इथे मला घरचे सांगावे लागेल.

माझे आजोळ वाई तालुक्यातले. आईचे लग्न १९४५ मध्ये होऊन ती इथे लष्करात आली. गांधीजींचा खून झाल्याची बातमी आली तेव्हा आईच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या गल्लीत महिनाभर दारे लावलेली होती. नंतर पोस्टकार्ड आले. आजोळचे घर जाळले होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळीकडे तेव्हा ब्राह्मणांची घरे जळाली, हे इतिहासात आहे. आमचे आजोबा खादी घालायचे. १९४२ मध्ये सहा महिने तुरुंगात बसून आले होते. त्या दिवशी ते स्वतः गांधीजींसाठी उपास धरून बसले होते. मशाली घेऊन आलेल्यांनी आडनाव विचारले, बाकी काही विचारले नाही. गावच्या पाटलांच्या घरातून आजी आणि मामा कडब्याच्या गंजीआड रात्रभर लपवले गेले, म्हणून वाचले. पाटीलबाईंनी सकाळी भाकरी बांधून दिली, ती आजी मरेपर्यंत सांगायची. घर जाळणारे परके नव्हते आणि वाचवणारेही परके नव्हते.

तेरा वर्षांचा मामा एक ट्रंक घेऊन ग्वाल्हेरला बहिणीकडे आला. ज्या गावातून ते पिस्तूल निघाले त्याच गावात, त्या पिस्तुलापायी घर जळालेला मुलगा आसऱ्याला आला. आईला आणि त्याला हे कळायला वर्ष लागले. कळल्यावर आई दोन दिवस चुलीजवळ गप्प बसून होती, असे मामा सांगे.

म्हणून मंडपवाल्यांना 'सध्या वातावरण असं आहे' असे सांगितल्याचे कळले तेव्हा मला मामा आठवला. त्याला शाळेत घेताना एका मास्तरांनी हेच म्हटले होते, जवळजवळ हेच शब्द.

नाव चिकटले की माणूस कसा आखडतो, याचा एक हलका किस्सा सांगते. माझा नातू परदेशात शिकतो. तिथल्या एका फॉर्मवर भारतातला कायमचा पत्ता लिहायचा होता. आपले 'लष्कर' लिहिताना त्याचा हात थांबला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास फौजेचा तळ इथे टाकला म्हणून हे नाव पडले, हे तिथल्या साहेबाला कोण समजावणार? त्याला ती दुसरीच संघटना आठवायची. नातवाने शेवटी नुसते 'ग्वाल्हेर' लिहिले. आम्ही हसलो. पण ज्याला नाव गाळता येत नाही, ज्याचे नाव म्हणजे त्याचे स्वतःचेच नाव, त्याने काय करावे?

मामा पुढे शेतकी खात्यात लागला. सुटीत आमच्या परसात हरळी काढायचा. तो म्हणायचा, हरळी नांगराने जात नाही. नांगर घातलात की मुळांचे तुकडे होतात आणि प्रत्येक कांडीला नवा कोंब येतो. ती खुरप्याने, बसून, मूळ कुठवर गेले आहे ते हाताने चाचपत काढावी लागते. कमर मोडते. वातीकामासारखे संथ काम. वरवर बघणाऱ्याला वाटते हा नुसता बसलाय.

नांगर घातलेली उदाहरणे पाहा. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ मध्ये पहाटे धाडी घालून शेकडो माणसे खटल्याशिवाय स्थानबद्ध केली. त्यांतली पुष्कळ नको ती होती. हिंसा कमी व्हायच्या ऐवजी भडकली. जानेवारी १९७२ मध्ये लंडनडेरीत मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, १३ माणसे त्याच दिवशी मेली, आणि आयआरए या तिथल्या सशस्त्र संघटनेला भरती मागायला दारोदार जावे लागले नाही. तिथे करार व्हायला १९९८ उजाडले. आपल्याकडे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ ते १९९५ चालला. ७६ हजारांच्या आसपास लोक आत गेले, दोषी ठरले त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली. बाकीचे सुटून घरी आले तेव्हा त्यांची घरे कशी होती, याची गणती कोणी केली? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१७ च्या अहवालासाठी आफ्रिकेतल्या अशा संघटनांत आपणहून गेलेल्या माणसांना विचारले की शेवटचा धक्का कोणता. ७१ टक्क्यांनी सरकारची कारवाई सांगितली : घरातला माणूस किंवा मित्र मारला जाणे, उचलला जाणे. प्रत्येक कांडीला कोंब, मामा म्हणायचा तसे.

तेव्हा खुरपे कसले? तेही आपल्या दारातच आहे, आणि आपण त्याला सिनेमाचा विषय करून टाकले आहे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे 'चंबळचे डाकू' म्हणतात. भिंड-मुरेन्यात कोणी तसे म्हणत नाही, ते 'बागी', म्हणजे बंडखोर, म्हणतात. आता बागी आणि दहशतवादी एक नव्हेत, हे मी आधीच मान्य करते. बागीला जगाला धडा शिकवायचा नसतो, त्याचे शत्रू बहुतेक एका बांधाच्या पलीकडे राहतात. पण अपमानाची बंदूक कशी होते हे बघायला बीहडइतकी, म्हणजे चंबळच्या त्या घळींइतकी, चांगली शाळा नाही. पानसिंग तोमर सैन्यात सुभेदार होता, स्टीपलचेसचा राष्ट्रीय विजेता. गावातल्या जमिनीच्या भांडणात पटवारी, ठाणे, तहसील करून थकला आणि बीहडात उतरला. ऑक्टोबर १९८१ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. पळण्यात ज्याला देशात जोड नव्हती तो माणूस शेवटी पळतच मेला. बांध, पटवारी, ठाणे आणि हाताशी बंदूक. बंदूक तर इथे हुंड्यासारखी. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली होती. मी हे कोणाला सांगितले की थट्टा समजतात. खरे आहे.

मे १९६० मध्ये विनोबा इथे चालत आले. गागोद्याचा जन्म, बडोद्याचे शिक्षण, आपलाच माणूस. बागी मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग नैनी तुरुंगात फाशीची वाट पाहत होता, त्याने विनोबांना पत्र लिहिले होते. त्या यात्रेत वीस बागींनी शस्त्रे ठेवली. पोलीस खाते नाराज होते आणि त्यांची नाराजी अगदीच खोटी नव्हती. मग अकरा वर्षांनी माधोसिंग हा बागी वेष पालटून पवनारला विनोबांकडे गेला, विनोबांनी त्याला जयप्रकाशांकडे पाठवले, आणि १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याच्या आश्रमात मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या. त्या वर्षात चारशेहून जास्त जण आले. माफी नव्हती. खटले चालले, शिक्षा झाल्या, फाशी होणार नाही एवढे वचन होते. मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग उभा राहिला. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे, जमिनीचे बघितले गेले.

मी याची आरती करत नाही. ज्यांची माणसे या टोळ्यांनी मारली त्यांच्या घरी तेव्हा कोणी हार घेऊन गेले नाही, आणि ती चूक होती. शिवाय बांध आणि पटवारी तसेच राहिले म्हणून दहा वर्षांत मलखानसिंग आणि फूलनदेवी यांच्या टोळ्या उभ्या राहिल्याच. मूळ अर्धेच निघाले होते. पण चारशे बंदुका एका वर्षात खाली ठेवल्या गेल्या, आणि त्याआधी जयप्रकाशांच्या माणसांनी प्रत्येक टोळीपाशी बसून 'तू का गेलास' हा प्रश्न विचारला होता. एप्रिलमध्ये आपण ज्याला देशद्रोह म्हटले तोच प्रश्न.

हे फक्त चंबळचे नवल नव्हे. रँड या अमेरिकन संस्थेने १९६८ ते २००६ मधल्या ६४८ दहशतवादी संघटनांचा मागोवा घेतला. ज्या संपल्या त्यांतल्या ४३ टक्के राजकारणाच्या वाटेला लागून संपल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता यांच्या कामाने, सैन्यबळाने ७ टक्के. राहिलेल्या १० टक्के जिंकल्या, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे बोलणी आणि खुरपे. संथ, कंबर मोडणारी कामे.

तुमच्यातले काही जण आता म्हणतील, बाई पाकिस्तानचे नाव घेत नाहीत. घेते की. मुंबईवर २००८ मध्ये आलेल्या दहा जणांना कोणी शिकवले, कोणी नावेत बसवले आणि हॉटेल जळत असताना फोनवर कोण सूचना देत होते, हे सगळ्या जगाने ऐकले आहे. पैसा, प्रशिक्षण आणि लपायला देश मिळाला नाही तर नुसत्या रागाने १६६ माणसे मरत नाहीत. हेही मूळच आहे, आणि ते तोडायचे काम सरकारचे. पण त्या मूळाला पाणी घालायचे की नाही, एवढे तर आपल्या हातात आहे. गोळी घालण्याआधी धर्म विचारला जातो तो कशासाठी? नंतर भारतातल्या गल्लीगल्लीत आपणही धर्म विचारावा म्हणून. पहलगामच्या मारेकऱ्यांनी जी चिठ्ठी टाकली ती आपल्या कार्यकारिणीने उघडून, वाचून, अमलात आणली. मंडपाचे काम काढून घेतले.

मुंबईने काय केले ते आठवा. तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. मग त्याला वकील मिळाला, खटला चालला, अपील झाले, नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला फाशी झाली. त्याच खटल्यात कटात सामील असल्याचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी सुटले. एवढा संताप असताना न्यायालयाने तिघांना एका दोरीत बांधले नाही. आणि मेलेल्या नऊ जणांना दफन करायला मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी बडा कब्रस्तानात जागा नाकारली. त्यांना कोणी तसे करायला सांगितले नव्हते.

पुन्हा १९४८ कडे येते, कारण स्मरणिका समितीतल्या एका सभासदांनी मला फोनवर सांगितले, "ताई, जुनं उकरून काय मिळणार? आपल्याच समाजाची बदनामी." जुने कुठे आहे? नोव्हेंबर २०१७ मध्ये दौलतगंजात, आपल्या सभागृहापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, हिंदू महासभेच्या कार्यालयात त्या खुन्याचा अर्धपुतळा बसवला गेला. प्रशासनाने तो काढून नेला. जानेवारी २०२१ मध्ये तिथेच त्याच्या नावाने 'ज्ञानशाळा' निघाली, दोन-तीन दिवसांत बंद करावी लागली. तेव्हा आपले मंडळ काही बोलले नाही. मी त्याबद्दलही पत्र दिले होते. मुसलमान समाजाने दर स्फोटानंतर निषेधाचे पत्रक काढले पाहिजे, असे आपल्यातले जे म्हणतात त्यांनी आपले पत्रक कधी काढले, ते मला दाखवावे. आणि कोणी ते आपल्याकडे मागितले नाही, कारण एका माणसाच्या गुन्ह्याचे उत्तर सगळ्या आडनावांनी द्यायचे नसते. हे आपल्याला मान्य आहे ना? मग ते मंडपवाल्यांनाही लागू करा.

गाण्यातल्या ग्वाल्हेर घराण्याची गादी सांगताना आपण निसार हुसेन खाँसाहेब शंकरराव पंडितांच्या घरी राहून शिकवत असत, हे मोठ्या अभिमानाने सांगतो. स्मरणिकेत त्यावर चार पाने आहेत, मी प्रुफे पाहिली आहेत. चांगली आहेत. त्यांना जागा झाली.

माझ्या मागण्या अशा. लेख छापा. पूर्ण नको असेल तर आजोळच्या घराचा भाग गाळा, पण कटातल्या माणसांचा परिच्छेद ठेवा. तिसऱ्या दिवशी अर्धा तास प्रश्नांना द्या. वक्त्यांना अडचण असेल असे मला वाटत नाही, मी त्यांना पुण्याला फोन करून विचारले. त्यांना ही अट पत्रिका पाहून कळली. त्या इंजिनिअरिंगच्या मुलाला अध्यक्षांनी स्वतः जाऊन बोलावून आणा. तो हॉस्टेलला राहतो, कोणत्या ते सचिवांना माहीत आहे.

आणि मंडप. गणपतीला यंदा नव्या कंत्राटदाराने घातलेला मंडप दुसऱ्याच पावसात गळला, आरतीच्या ताटात पाणी पडले, ते सगळ्यांनी पाहिले. मी त्यावर टोमणा मारणार नाही. एवढेच की कार्यालयातल्या फळ्यावरून जुन्या मंडपवाल्यांचा फोन नंबर पुसला आहे. माझ्या डायरीत तो आहे. अध्यक्षांनी मागितला तर मी देईन, पण फोन त्यांनीच करायचा, आणि तुमच्याकडून काम का काढले होते ते खरे सांगून करायचा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद, निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर